गौराबाईची ताडपत्री

गौराबाईला कर्जतात कोण गर्विष्ठ म्हणतं, कोण तोंडाळ म्हणतं. म्हणू दे. मी तिची नणंद, पारू. नणंदेनं भावजयीचं गुणगान केलेलं कुणी ऐकलंय का? मग मी सांगते त्यात भर घातलेली नसणार, एवढं धरून चाला.

माझा भाऊ कोंडाजी इंजनावर आगवाला होता. घाट चढायला गाडीला कर्जतात मागून एक इंजन लावतात, त्याच्या भट्टीत कोळसा टाकायचं त्याचं काम. भिवपुरीला घरी यायचा तेव्हा डोळे आन् दात तेवढे पांढरे. आंघोळ करायचा, खापरीनं पाय घासायचा, पण भेगांत बसलेला तेलकट कोळसा असा निघतो होय? पाऊल टाकील तिथं काळा ठसा. आन् आमच्या आईला सारवलेल्या जमिनीचं भारी कौतुक. जेवणं झाली की उष्टं काढून लगेच शेणाचा हात फिरवायचा, दिवसातनं दोनदा. त्यावर काळं पाऊल उमटलं की तिचं तोंड संध्याकाळपर्यंत थांबायचं नाय. म्हणून दादा पडवीत जेवायचा. सात वर्षं जेवला. लगीन झालं तरी पडवीतच. गौराबाई ताट नेऊन द्यायची आन् गप उभी राहायची. तिला तोंडच नाय असं तेव्हा आमाला वाटायचं.

मग दादाच्या छातीत खोकला बसला. कामावर जायचं बंद झालं, अंथरूण पडवीतच घातलेलं. आषाढात एका दुपारी तो मला बोलला, "पारू, आज मला आत घे गं."

मी नुकतीच सारवून उठले होते. कोपरापर्यंत हात शेणाचे. मी बोलले, "सारवण ओलं हाय, दादा. वाळू दे."

पावसाळ्यात सारवण लवकर वाळत नाय. ते वाळायच्या आत दादा गेला. हे आधीच सांगून टाकलं, नायतर मागाहून म्हणाल म्हातारीनं लपवलं.

गौराबाई तेव्हा भाकऱ्या थापत होती. माझं बोलणं तिनं ऐकलं होतं. पुढं इतकी वर्षं एका चुलीपाशी काढली, पण त्यावरनं ती मला कधी टाकून बोलली नाय. बोलली असती तर बरं झालं असतं, जीव हलका झाला असता. वर्षाच्या आत आई गेली. नवऱ्यानं टाकलेली मी, मला कोण विचारणार? गौराबाईनं भांडी बांधली, मला बोलली, वन्सं, चला. आमी कर्जतात आलो आन् टेसनाजवळ तिनं रेल्वेच्या माणसांसाठी खानावळ घातली. पहिल्या दिवशी चूल पेटवताना एकच बोलली, "माझ्या घरात कोळशाचा माणूस बाहेर बसून जेवणार नाय." मी मान खाली घातली आन् कांदा चिरत बसले.

बोलणं सोपं. निस्तरायला मी होते ना! आगवाले, खलाशी, रूळ बदलणारे सांधेवाले, वीस-वीस माणसं पंगतीला. पाय धुऊन यायचे बिचारे, तरी एका पंगतीत जमीन काळी व्हायची. वर शेण फिरवलं की कोळसा त्यातच कालवायचा आन् असं निसरडं व्हायचं की मी एकदा आमटीच्या टोपासकट बसले. माझी कंबर तेव्हा गेली ती अजून आली नाय.

मग गौराबाई अंथरायला काय मिळतं ते बघू लागली. पहिल्यांदा बाजारातनं चिंधी ठाकरिणीकडनं शिंदीच्या चटया आणल्या. दिसायला झ्याक. पण विणीत भाताची शितं अडकली, शितांना मुंग्या आल्या आन् मुंग्या आगवाल्यांना चावल्या. तिसऱ्या दिवशी चटया चुलीत गेल्या. मग मी अक्कल पाजळली. बोलले, काळं घोंगडं घाला, त्यावर कोळसा दिसणारच नाय. तिनं घातलं. दिसत नव्हता खरा. पण आठ दिवसांत ओल्या बकरीसारखा वास सुटला. घोंगडं उचलून झटकलं तर खाली आठ दिवसांचं जेवण. गौराबाई माझ्याकडं बघून बोलली, दिसत नाय म्हंजे गेलं असं नाय, वन्सं. ती घोंगड्याबद्दलच बोलत होती. मला मात्र दादाची पडवी दिसली.

आता जयवंता ऐका. आमच्याच भावकीतला, पोशीरचा. त्याचा बाप नि आमचा बाप एकाच चिखलात भात लावायचे. हा चार बुकं शिकला, मालधक्क्यावर कारकून झाला, लोक त्याला मालबाबू म्हणू लागले, मग काय विचारता, उंदराला सापडली चिंधी! तो आन् त्याच्याबरोबरचे पाच बाबू आमच्याकडंच जेवायचे, कारण गौराबाईच्या हातच्या बोंबलाच्या कालवणाला कर्जतात तोड नव्हती. आन् आमची खानावळ होती ती जागा त्याच्या चुलत्याची.

भादव्यात एक दिवस तो बगलेत सतरंजी घेऊन आला. नवी कोरी, तांबड्या-निळ्या पट्ट्यांची. सोमवारी कल्याणचे मोठे बाबू येणार, जेवायला त्यांना इथं आणायचंय, असं त्यानं सांगितलं. आत ही सतरंजी घालायची, तिच्यावर बाबू लोक बसतील. कोळसेवाले त्या दिवसापासनं पडवीत. जमत नसेल तर जागा मोकळी करा, चुलत्याशी बोलणं झालंय.

गौराबाईनं सतरंजी हातात घेतली, उलटीसुलटी केली, चिमटीत धरून सूत बघितलं. सूत चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मग तिनं विचारलं, ही उल्हास नदीवर धुतली तर असल्या दिवसांत वाळणार कधी?

जयवंता हसला. बोलला, "वयनी, काळे पाय आत आले नाय तर ती मळेलच कशाला?"

तिनं सतरंजीची घडी घातली आन् कोनाड्यात ठेवली. त्याला ना हो बोलली, ना नाय. पण मी तिचा जबडा बघितला आन् मला धडकी भरली. तो गेल्यावर मी तिला सोडलं नाय. बोलले, कशाला विस्तवात हात घालतेस, डोक्यावरचं छप्पर जाईल. बसतील की ते पडवीत, जेवण तर तेच हाय ना? माझ्या भावाला मी जे केलं तेच मी परत करायला निघाले होते, आन् माझी जीभ झडली नाय. भीती माणसाला काय काय बोलायला लावते! ती डोक्यावर इरलं घेऊन भर पावसात बाहेर पडली.

मालधक्क्यावर कोळशाची वाघीण, म्हंजे मालगाडीचा डबा, उभी होती, वर ताडपत्री ताणलेली. पाऊस कोसळत होता आन् ताडपत्रीवरचा सगळा काळा चिखल पाण्याबरोबर खाली धावत होता. मागं स्वच्छ कापड. गौराबाई तिथं किती वेळ उभी होती कोण जाणे, सांधेवाल्याला वाटलं बाईला वेड लागलं. रेल्वेच्या मोडीत निघालेल्या ताडपत्र्या बाजारातला एक बोहरी विकत घ्यायचा. त्याच्याकडनं तिनं दोन भोकांची एक जुनी ताडपत्री आणली. त्यासाठी पेटीतले तोडे मोडले. दादानं केलेले तोडे होते ते.

डांबराचा असा वास की माझं डोकं उठलं. तिनं राखेनं घासली, दोन दिवस पडवीत वाऱ्यावर टाकली, मग आत या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत पसरली. लोटीभर काळं पाणी मुद्दाम ओतलं आन् ओल्या फडक्यानं एकदा पुसलं. काय बी राहिलं नाय. मी आ वासून बघत बसले. माझी सगळी जिंदगानी जमिनीशी ओणवी होऊन गेली होती, आन् ही एका फडक्यात मोकळी!

सोमवार आला. गौराबाईनं जयवंताची सतरंजी पडवीत घातली, अगदी कोपरे ताणून, आन् तिच्यावर सात पत्रावळी मांडल्या. आत ताडपत्रीवर आगवाले बसले. मोठे बाबू छत्री मिटत आले, मागं जयवंता नि बाकीचे. जयवंतानं पडवी बघितली, आत बघितलं, आन् त्याचा चेहरा खाडकन उतरला. हे काय, म्हणून तो तिच्यावर धावला.

गौराबाई उंबऱ्यात उभी. हातात भाताची परात. बोलली, "ज्याला सतरंजी लागते त्याचं पान पडवीत मांडलंय. ज्याला जेवण लागतं त्यानं आत यावं."

आवाज चढवला नाय तिनं. आतली माणसं घास हातात धरून थांबली. मोठ्या बाबूंनी छत्री परत उघडली आन् चालू लागले, मागनं बाकीचे पाच. जयवंतानं सतरंजी उचलली, तीही नीट गोळा होईना. जाताना बोलला, वयनी, बघून घेईन. ती बोलली, बघ, डोळे दिलेत देवानं.

तिसऱ्या दिवशी चुलत्यानं कुलूप आणलं. मी रडले, शिव्या घातल्या, तिलाच घातल्या. मला वाटलं आता भीक मागायची वेळ आली. तिनं टोप बाहेर काढले, चूल फोडून दगड टोपलीत भरले. सुट्टीचे चार आगवाले आले आन् ताडपत्रीची वळकटी करून खांद्यावर घेतली. रुळांपल्याड एक आंबा हाय, त्याखाली नेऊन टाकली. पाऊस उघडला होता. घर गेलं, पण जेवणघर आमी तसंच उचलून आणलं होतं. दुपारपर्यंत चूल धगधगत होती.

पुढं त्याच आंब्याखाली कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या. वैशाखात ताडपत्री जरा चिकटते, पंगतीत उठताना माणसं हसतात, पण अजून तीच हाय. जयवंता सहा महिन्यांनी आला, कालवणाच्या ओढीनं. गौराबाईनं त्याला आगवाल्यांच्या मधोमध बसवला आन् पोटभर वाढलं. धोतराला काळा डाग लागला म्हणून तो कुरकुरला. मी बोलले, नदी काय आटली नाय, धू.

पण मला सांगायची ती पहिली दुपार. आंब्याखाली ना भिंत, ना उंबरा. इंजन येऊन थांबलं, माणसं हातपाय धुऊन आली. सगळ्यांत पुढं धाऊ खलाशी होता, डोंगरातल्या वाडीचा, दाढी पिकलेला. तो ताडपत्रीच्या काठाशी आला आन् थांबला. उघड्यावर आत कुठलं नि बाहेर कुठलं ते त्याला कळेना. आपल्या पायांकडं बघून तो बोलला, "बाय, आमी कुठं बसायचं?"

गौराबाईचे हात पिठात. तिनं मान वर केली आन् त्याच्याकडं नाय, माझ्याकडं बघितलं. भिवपुरीची ती दुपार आमा दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली. ती वाट बघत होती, आन् किती वर्षांपासनं बघत होती ते मला तेव्हा कळलं.

मी धाऊला बोलले, "आत ये, दादा. हे पुसता येतं."

तो आला. ताडपत्रीवर काळी पावलं उमटली. माझ्या हातात फडकं होतं, पण पंगत उठेपर्यंत मी ती पुसली नाय.