वाटाण्याएवढं मलम आणि माझी पहिली डबलबारी

चहा होईल तेव्हा होईल, तुम्ही आधी हे ऐका, आणि माझ्याच तोंडून ऐका. काळाचौकीत हा किस्सा आता प्रत्येक मजल्यावर वेगळा सांगतात. दुसऱ्या मजल्यावरच्या किश्शात तर मला ॲम्ब्युलन्समधून नेलं होतं म्हणे. तसलं काही झालं नाही. झालं ते त्याहून वाईट.

मला पुटकुळ्या येतात. वय चौतीस, नोकरी परळला एका सीएच्या ऑफिसात, आणि गालावर, हनुवटीवर पुटकुळ्या, दहावीतल्या पोरीला असाव्यात तशा. दहावीत होते तेव्हा सगळे म्हणायचे, वय झालं की जातील. मग म्हणायला लागले, लग्न झालं की जातील. मी लग्न केलं नाही, पुटकुळ्या गेल्या नाहीत, आणि आमच्या चाळीने या दोन गोष्टी एकमेकींना जोडून टाकल्या.

यात सगळ्यांच्या पुढे आमच्या शेजारच्या रेडकरकाकी. साठी उलटलेली बाई, पण गाल असे तुकतुकीत की नव्या सुनेला हेवा वाटावा. "साय आणि बेसन," हे त्या कोणी विचारलं नाही तरी सांगतात. श्रावणात एकदा त्या बेसन कालवलेली वाटी घेऊन आमच्या दारात आल्या. गॅलरीत बायका भाजी निवडत बसलेल्या.

"सुजाता, ह्या लाव गो. तुझा थोबाड बघ नि माझा बघ."

माझं डोकं फिरलं. एवढ्या बायकांसमोर? मी उभी राहिले आणि भाषणच दिलं.

"काकी, चेहरा माझा, पुटकुळ्याही माझ्या. मी त्यांना काहीही लावणार नाही. साय नाही, बेसन नाही, क्रीम तर अजिबात नाही. ज्यांना बघवत नसेल त्यांनी जिन्याकडे बघावं."

वाटी परत गेली. दोन-तीन तरुण पोरींनी मला डोळ्यांनीच शाबासकी दिली. मी दिवसभर चाळीत मान ताठ ठेवून फिरले.

आणि त्याच आठवड्यात दादरला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

हसू नका. मला पुटकुळ्या आवडतात असं मी कुठे म्हटलं होतं? मला फक्त काकींनी सांगितलेलं आवडत नाही. शिवाय यंदा कारण होतं. गणपतीत मला पहिली डबलबारी मिळाली होती.

डबलबारी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा कोकणवाल्यांचा भजनाचा सामना असतो तो. दोन बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, आपापली पेटी, पखवाज, झांजवाले घेऊन समोरासमोर बसतात. आधी देवाचं गातात आणि मग गाता गाता एकमेकांची उडवतात. त्याला आम्ही टोला म्हणतो. एकाने टोला द्यायचा, दुसऱ्याने चालीतच परतवायचा. हे काम पुरुषांचं, असं आमच्या मंडळाचं मत. मी लहानपणापासून झांज वाजवत आलेय, पेटी शिकले, गळा बरा आहे, जीभ तर आहेच. तरी दरवर्षी मंडळाचे अध्यक्ष तावडेकाका म्हणायचे, "पुढल्या वर्षी बघू." यंदा मी त्यांना पुढलं वर्ष दिलंच नाही. समोर कोण, तर वरळीच्या बीडीडी चाळीचे दळवीबुवा. भलेभले त्यांच्यासमोर सूर विसरतात. आणि दळवीबुवांची सवय अशी की, समोरच्याच्या तोंडाकडे बघून ते पहिला टोला देतात. आता कळलं मी दादरला का गेले?

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी रेटिनॉइडची ट्यूब लिहून दिली. म्हणाल्या, रात्री झोपताना लावा, सुरुवातीला एक दिवसाआड. थोडी लाली येईल, त्वचा जरा सोलेल, घाबरू नका. दिवसा सनस्क्रीन लावा.

"आणि घ्यायचं वाटाण्याएवढं. म्हणजे काय की..."

"कळलं," मी म्हणाले.

मला कोणी समजावून सांगायला लागलं की मी मध्येच 'कळलं' म्हणते. ऑफिसात याचं कौतुक होतं.

घरी आले. आईने उसळीसाठी वाटाणे भिजत घातले होते, टरारून फुगलेले. एक उचलून बोटावर ठेवला, माप नीट पाहून घेतलं. मग आरशासमोर उभं राहून प्रत्येक पुटकुळीवर तेवढं मलम ठेवलं. पुटकुळीला एक वाटाणा. सरळ हिशेब आहे, यात डॉक्टरांना समजावण्यासारखं काय होतं मला कळेना. तोंडावर सांडगे घालून झोपले. आणि एक दिवसाआड कशाला? बारी तोंडावर आलेली. रोज लावलं.

सनस्क्रीन घेतलं नाही. सावळ्या माणसाला ऊन काय करणार?

पहिल्यांदा गाल लाल झाले. मग हनुवटी. मग नाकाच्या दोन्ही बाजूंनी कातडी सुटायला लागली, जुन्या भिंतीचा रंग सुटतो तशी. पुटकुळ्या कमी व्हायच्या सोडून वाढल्या. दुसरी एखादी घाबरली असती. मी खूश झाले. बाईंनी सांगितलंच होतं ना, सोलेल म्हणून? थोडं लावून थोडं सोलतं, तर जास्त लावून लवकर सोलून संपेल. मी माप वाढवलं.

"काय झाला गो तुझ्या तोंडाक?" आईने विचारलं.

"ऊन."

"ऑफिसात ऊन येता?"

मी बॅग उचलून निघाले. ट्यूब माझ्या ऑफिसच्या बॅगेत होती आणि आई बॅगेला हात लावत नाही.

पण गॅलरी आमची सगळ्यांची असते. एका सकाळी मी दात घासायला बाहेर आले आणि रेडकरकाकी समोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन पावलं मागे सरकल्या आणि पदर नाकाला लावला.

"वैनीनू," त्यांनी आईला हाक मारली, "तुमच्या चेडवाक कांजण्या इलेत. देवीचा येणा ह्या."

झालं. दुपारपर्यंत आमच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. आईने घरातली फोडणी बंद केली, कारण देवी आलेली असताना चुलीवर तेल तडतडू द्यायचं नाही, असं तिची आई सांगायची. आधीच श्रावण, मासे बंद, त्यात फोडणी बंद. मी दहीभात खाऊन ऑफिसला निघाले तर जिन्यात बायकांनी पोरांना घरात ओढून घेतलं. एकीने मला लांबून नमस्कार केला. चौतीस वर्षांत चाळीने मला पहिल्यांदा नमस्कार केला, तोही देवीला.

आता तुम्ही म्हणाल, एका वाक्याचं काम होतं. 'अहो, हे क्रीममुळे झालंय.' बरोबर. पण ते वाक्य कोणासमोर म्हणायचं? ज्या बायकांसमोर मी सांगितलं होतं की क्रीम तर अजिबात लावणार नाही, त्यांच्यासमोर? रेडकरकाकींसमोर? त्यापेक्षा मला देवी परवडली. मी सांगत राहिले, ऊन आहे, जाईल. काकी म्हणत राहिल्या, देवी आहे, जाईल.

गणपती बसले आणि तावडेकाका घरी आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"सुजाता बाळा, तू आराम कर यंदा."

"मला काही झालेलं नाही, काका."

"मला ठाऊक आहे. पण मंडपात लहान पोरं असतात, बायका कुजबुजतायत. बारीला आपण बाळ्याला बसवू."

"बाळ्याला? त्याला पेटीवर सा सापडत नाही."

"सापडेल. तू पुढल्या वर्षी बस."

पुन्हा पुढलं वर्ष. काका गेले आणि मी उंबऱ्यातच बसून रडले, खोटं कशाला सांगू? खारं पाणी सोललेल्या जागी असं झोंबलं की रडणंही सोडून द्यावं लागलं. धड रडताही येईना मला त्या मलमामुळे.

आई बाजूला येऊन बसली. म्हणाली, "देवी असती तर एवढ्यात खपली धरली असती. काय ता खरा सांग."

मी सांगितलं. आई उठली, दाराचा डहाळा काढला आणि आत जाऊन कढईत तेल ओतलं. मोहरी तडतडली तो आवाज मला पखवाजापेक्षा गोड लागला. मग आतूनच म्हणाली, "माका सांगितलंस. आता मंडपात सांग."

बारीच्या संध्याकाळी आरती संपली. पेटीसमोर बाळ्या बसत होता. मी साडी नेसून, पावडरसुद्धा न लावता, लालभडक सोललेला चेहरा घेऊन गर्दीतून सरळ पुढे गेले. वाट मागावी लागली नाही, लोक आपणहून बाजूला होत होते. बाळ्याला म्हटलं, "ऊठ." तो बिचारा सुटल्यासारखा उठला. तावडेकाका हात वर करून काहीतरी म्हणत होते, तोवर मी सूर धरला होता. सूर लागल्यावर बुवाला उठवत नाहीत, हा आमच्याकडचा नियम आहे.

पहिलं भजन झालं. आवाज लागला. पुढच्या रांगेतल्या बायका अजून नाकाला पदर लावून होत्या, पण पाय ताल धरायला लागले होते. मग दळवीबुवांची पाळी आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि टोला टाकला.

"समोर बसली बुवा नवी, गालावरची सुटली साल,
देवीचा का प्रसाद तुमचा, म्हणून तोंड लालेलाल?"

मंडप हसला. माझे झांजवाले खाली बघायला लागले. त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. पण मला राग आला, आणि राग आला की माझा गळा मोकळा होतो.

"देवी नाही, साथ नाही, उगा भिता काय?
पुटकुळ्यांना औषध लावते, तुमचं जातं काय?"

मग मागून कुठल्यातरी पोरीने उचललं, "तुमचं जातं काय?" माझ्या झांजवाल्यांनी धरलं, पखवाज घुमला. सगळ्या तरुण पोरी टाळ्यांवर गायला लागल्या, "तुमचं जातं काय?" नाकावरचे पदर खाली आले. तावडेकाकासुद्धा मान डोलवत होते. दळवीबुवांनी पेटीवरचा हात काढून मला दाद दिली. काय सांगू, आयुष्यात असं वाटलं नव्हतं कधी. तोंड आगीसारखं जळत होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

इथे थांबायला हवं होतं. बुवाला कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. पण मला काय, सगळं आधीच कळलेलं असतं ना? मी आणखी दोन ओळी जोडल्या.

"एका एका पुटकुळीला एक वाटाणा माप,
रोज रात्री थापते मलम, कुणाच्या बापाला ताप?"

"एका एका?"

हा आवाज पुढच्या रांगेतून आला. रेडकरकाकी ताडकन उभ्या राहिल्या होत्या. पखवाज थांबला.

"एका एका पुटकुळीक? अगो बाये, सगळ्या तोंडाक मिळान एकच वाटाणो लावचो असता! मी ह्याच मलम इतकी वर्सा लायतंय, माझी कधी साल निघाली?"

मग काकींच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्यांनी हळूच पदर घेतला आणि तो पुन्हा तोंडाला लावला.

"सुरकुत्यांसाठी," त्या पदराआडून म्हणाल्या.

त्यानंतर जे हसू फुटलं ते काकींवर किती आणि माझ्यावर किती याचा वाद चाळीत अजून चालू आहे. मला विचाराल तर काकींच्या साय-बेसनाचा भाग थोडा आणि बाकी सगळा माझा. अख्ख्या काळाचौकीसमोर, माईकवर, तालासुरात मी जाहीर केलं होतं की मला औषध लावता येत नाही. कोणी तरी ओरडलं, "बुवा, डॉक्टरांनी हिशेब पण लिहून द्यायला हवा होता." मी सीएच्या ऑफिसात काम करते हे सगळ्यांना माहीत होतं.

मी मात्र उठले नाही. पेटी पुढे ओढली, तोंड तसंच लाल, आणि पुढचं भजन सुरू केलं. बारी पूर्ण केली. क्रीम काही दिवस बंद ठेवून आता नीट लावते. सनस्क्रीनही लावते, आणि गॅलरीत उभी राहून लावते, ज्यांना बघायचं त्यांनी बघावं. रेडकरकाकी बघतात आणि 'जास्ती झाला' म्हणतात.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलंच, मी पुढचं भजन धरण्याआधीचं. माझ्या त्या दोन ओळींचा टोला परतवायची पाळी दळवीबुवांची होती. बुवांनी पेटीचा भाता बंद केला, हात जोडले आणि माईक तावडेकाकांकडे वळवून म्हणाले,

"अध्यक्ष, पुढल्या वर्षी माझ्यासमोर ह्याच बुवा बसवा. मला टोला द्यायची गरजच पडत नाही, त्या स्वतःच स्वतःला देतात."