वरचा फोन

“एक बोल, तीन मोज, मंग आईक.”

पुनाजी उईके फोनपाशी बसलेल्या प्रत्येकाला हे सांगायचा. माहेरी बोलायला आलेल्या नव्या नवरीला सांगायचा, शाळेच्या मास्तरांना सांगायचा. एकदा जंगलखात्याचे साहेब आले, त्यांनाही सांगितलं. साहेब चिडले, “मला बोलायला शिकवतोस?” पुनाजी शांतपणे म्हणाला, “तुमाले नाई जी. तुमच्या आवाजाले शिकवून राह्यलो. त्याले लय दूर जा लागते.”

आमचं सालईपार बोरच्या जंगलाच्या कडेला आहे. तिन्ही बाजूंनी टेकड्या. मोबाइल आले, वर्ध्यातल्या शेंबड्या पोरांच्याही हातात आले, पण आमच्या खोलगटात त्यांचा आवाज उतरत नव्हता. तेव्हा सरकारने पुनाजीच्या पडवीत फोन बसवला. छपरावर कढईएवढी ताटली, शेजारी उन्हावर चालणारी पाटी, खाली बॅटरी आणि पांढरा फोन. ताटलीचं तोंड दक्षिणेकडे, किंचित उगवतीला कललेलं. गाव त्याला वरचा फोन म्हणायचं.

गावाने पुनाजीला का निवडलं, तर तो कमी बोलायचा. बायको शकुबाई वारलेली. घरात तो आणि मुलगा गोपाल. बसवायला आलेला इंजिनिअर दोन दिवस राहिला, आणि त्या दोन दिवसांत पुनाजीने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. पुढे कोणी विचारलं की अंगणात काडीने रेघा ओढून सांगायचा.

“हे आपलं गाव. हे वर उभं यंत्र, छत्तीस हजार किलोमीटर उंच. पृथ्वी जेवढी फिरते तेवढंच थेही फिरते, म्हणून आपल्याले एका जागी दिसते. आपला आवाज इथून वर जाते. वरून खाली पडते उत्तरेकडच्या एका आवारात. तिथं मोठ्या मोठ्या ताटल्या हायेत. कोन कोनाशी बोलून राह्यला, थे तिथं पाहतेत, मोकळी वाट देतेत, अन् मंग तारेतून आवाज पुढं जाते. वाटा मोजक्या. तू फोन ठेवलास का तुही वाट लगेच दुसऱ्याले.”

“म्हंजे शेजारच्या गावाले बोलाचं तरी उत्तरेकडं जा लागते?” देवकाबाई विचारायची. ती त्याची शेजारीण, तोंडाची फटकळ.

“जा लागते.”

“मंग पायी गेलेलं काय वाईट!”

तीन मोजण्याचं कारण हेच होतं. तुमचा शब्द वर जाऊन खाली यायला वेळ लागतो. तुम्ही घाई केली तर तुमचा शब्द आणि समोरच्याचा शब्द वाटेत एकमेकांवर चढतात, आणि दोन्ही जातात. म्हणून आपलं बोलून झालं की तीन मोजायचे. समोरच्याचं ऐकून झालं की पुन्हा तीन मोजायचे, त्याचं शेपूट राहिलं असेल तर येऊ द्यायचं, मग उत्तर द्यायचं. लोकांना ती सवयच लागली. आमच्या गावची माणसं बाजारात भाजीचा भाव विचारतानाही थांबतात, असं हिंगणीचे लोक हसून सांगतात.

गोपाल याच पडवीत मोठा झाला. बापानंतर फोन त्यानेच सांभाळावा, असं पुनाजीच्या मनात होतं. पोराच्या मनात रस्ते होते. एक ठेकेदार लडाखकडे सडकेच्या कामाला माणसं नेत होता. गोपालने नाव दिलं. पुनाजी तसा आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी भर अंगणात, चार लोकांसमोर बोलून गेला.

“जाशील तं जा. पन मंग या घरी फोन नको करजो.”

फोन सांभाळणाऱ्याच्या तोंडून ते शब्द निघाले. गोपालने पिशवी उचलली, आणि त्याने बापाचं ऐकलं. सहा वर्षं एकही फोन केला नाही.

सहा वर्षं पुनाजी इतरांचे फोन लावून देत होता. रूपरावच्या जावयाचे, मास्तरांच्या बायकोचे, पुलगावला मिलमध्ये असलेल्या कोणाकोणाचे. माणसं रडायची, हसायची, लाजून भिंतीकडे तोंड करायची. पुनाजी अंगणात जाऊन उभा राहायचा, म्हणजे त्यांना मोकळं बोलता यावं. आत घंटी वाजली की मात्र तो धावत यायचा. धावताना मी पाहिलंय त्याला. उचलून “हॅलो” म्हणायचा, तीन मोजायचा आणि मग दाराशी येऊन कोणाच्या तरी नावाने हाक द्यायचा. स्वतःचं नाव त्याला कधी हाकारावं लागलं नाही.

मग मागच्या दिवाळीआधी टेकडीवर टॉवर उभा राहिला. महिन्याभरात ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल वाजू लागला. पडवी ओस पडली. पुनाजी रोज सकाळी ताटलीवरची पानं झाडायचा, बॅटरी पाहायचा, कॉटवर बसायचा. देवकाबाई तेवढी येऊन टेकायची.

“भाऊ, आता कोन येनार इथं? घरात जाऊन पड ना.”

“एखांदा येईन.”

कार्तिकातल्या एका दुपारी घंटी वाजली. देवकाबाई तिथेच शेंगा निवडत बसली होती. पुढचं तिनेच मला सांगितलं. पुनाजीने उचललं आणि ताठ झाला. पलीकडून गोपाल बोलत होता, गोंडीत. पुनाजी घरात पोराशी त्याच भाषेत बोलायचा. देवकाबाईला ती येते, आणि फोनचा आवाज मोठा होता, म्हणून तिला स्पष्ट ऐकू आलं. गोपालने विचारलं, “बाबा, मी घरी येऊ का?”

पुनाजीने तीन मोजले. ओठ हलताना तिने पाहिले. मग म्हणाला, “ये.”

पण तोवर पलीकडे ठेवलं गेलं होतं.

“हॅलो, ये. ये, बापा, ये!” तो कितीतरी वेळ त्या गप्प फोनला सांगत राहिला.

त्या दिवसापासून तो पार मिटला. पोराने येऊ का विचारलं आणि बापाने गप्प राहून नाही म्हटलं, असंच गोपाल समजला असणार. उलटा फोन करावा तर नंबर कुठे माहीत? नंबर दाखवणारी फोनची काच कधीच काळी पडलेली, आकडे दिसत नव्हते. पुनाजी बोटांच्या अंदाजाने लावायचा. आता एकच आशा होती, की गोपाल पुन्हा करेल. म्हणून तो पडवी सोडेना. आंघोळीला गेला तरी देवकाबाईला बसवून जायचा. जेवण तिथेच, झोप तिथेच. पाच महिने गेले.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा दुर्गेश आला. पिपरी मेघेचा राहणारा, फोनखात्याच्या कामावरचा तरुण. चांगला होता बिचारा. पाणी पिऊन हळूच म्हणाला, “काका, हा सेट न्यायचा आहे. टॉवर आल्यावर इथं ठेवत नाहीत. संध्याकाळपासून नंबरही बंद.”

देवकाबाई उसळली.

“काऊन नेता? त्याच्या पोराचा फोन येनार हाये ना!”

तिने सगळी कथा सांगितली. मीही तिथे पोचलो होतो. दुर्गेश ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला.

“काका, पोरगा कुठून बोलत होता? डोंगरातल्या कॅम्पवरून? तिथंही वरचाच फोन असेल.”

“मंग?”

“मग तुमचे तीन पुरत नाहीत. साध्या फोनला आवाज एकदा वर जातो, एकदा खाली येतो, पुढं तार. वरच्या फोनवरून वरच्या फोनला बोललं की त्याचा आवाज वर जातो, आवारात खाली पडतो, तिथून पुन्हा वर, मग तुमच्याकडं खाली. वेळ दुप्पट लागतो. तुम्ही तीन मोजले, बरोबर. त्यानंही तुमचाच शिकवलेला नियम पाळला, तीन मोजले, वर जरा थांबलाही असेल. तोवर काही ऐकू आलं नाही, म्हणजे बाबा नाही म्हणतात, असं समजून त्यानं ठेवलं.”

“अन् माह्यं ‘ये’?”

“त्यानं ठेवलं की आवारातून वाट काढून घेतात. ते वर गेलं असेल, काका. उतरायला जागा नव्हती.”

पुनाजी खाली मातीकडे बघत म्हणाला, “म्या शिकवलं तसंच केलं पोरानं.”

दुर्गेशला राहवेना. सेट बंद करण्याआधी त्याला तसंही आवारात कळवायचं होतं. त्याने आमच्याच फोनवरून तिकडे लावलं. ड्युटीवर एक बाई होत्या. या फोनला दुसऱ्या वरच्या फोनवरून शेवटचा कॉल कधी आला, ते त्याने विचारलं. प्रत्येक वाट कोणी घेतली याची नोंद तिथे राहते. बाई आधी नको म्हणाल्या, नियमात बसत नाही म्हणाल्या. दुर्गेशने दोन वाक्यांत बापलेकाची गोष्ट सांगितली. मग त्यांनी नंबर दिला.

“लावतो,” दुर्गेश म्हणाला. “पण आता घाई नको. सहा मोजा.”

बऱ्याच वेळाने कोणी उचललं. कॅम्पचा मुंशी होता, हिंदीत बोलला. पुनाजीने गोपाल उईकेचं नाव सांगितलं, आणि बोटं दुमडत सहा मोजले.

“गोपाल? हां, था. वो गैंग नीचे दूसरी साइट पे गया है, चाचा. उधर फोन नहीं है. जून में लौटेगा इधर. आप कौन?”

“बाप.”

मुंशी म्हणाला, “उसने उस दिन फोन रखके दो दिन खाना नहीं खाया था. आप अपना नंबर लिखवाओ. आएगा तो बात करवा दूंगा.”

पुनाजीने दुर्गेशकडे पाहिलं. हा नंबर संध्याकाळी मरणार होता. देवकाबाई घाईघाईने म्हणाली, “माह्या नातवाच्या मोबाइलचा दे ना, भाऊ!” मी माझा फोन पुढे केला. पुनाजीने हाताने बाजूला सारला.

“नंबर मत लिखो, बाबू. उसको बोलना, बाप खुद आ रहा है. कौनसे गांव में उतरना, इतना बता दो.”

दुर्गेशने कागदावर गावाचं नाव लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर देवकाबाई कावलीच.

“याड लागलं का तुले? तिथं बर्फ रायते! मोबाइलवर बोलला असता ना घरी बसून!”

“बसून पाच महिने झाले, बाई,” पुनाजी म्हणाला. “त्यानं मले इचारलं व्हतं. जबाब माह्यापाशी पडून हाये. आता पुन्हा हवेत नाई सोडत मी त्याले.”

दुर्गेशने छपरावर चढून ताटली उतरवली. पुनाजीने खालून तिला हात दिला, फडक्याने पुसली आणि स्वतः गाडीत ठेवली. पडवीच्या मातीत बॅटरीच्या मांडणीच्या चार खुंट्यांची भोकं राहिली. त्यात दुसऱ्या दिवशी मुंग्या फिरताना मी पाहिल्या.

मे सरता सरता तो निघाला. देवकाबाईने भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली, आणि वर शिव्याही दिल्या. मी शेलूपर्यंत मोटरसायकलने सोडतो म्हणालो. नको म्हणाला, फाट्यावर बस मिळते. दाराला कडी घातली, कुलूप नाही. अंगावर गोपालचाच जुना स्वेटर, त्या उन्हात, कारण पिशवीत जागा नव्हती.

“पोचल्यावर फोन करजो!” देवकाबाई ओरडली. तो वळला नाही.

नाल्यापलीकडे रस्ता चढावर जातो. तिथे तो एकदा दिसला. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि उतरणीला लागला. देवकाबाई हातपंपाशी रिकामी घागर घेऊन उभी होती. ती बराच वेळ पाणी भरायचं विसरली. आम्ही दोघंही त्या रिकाम्या चढाकडे पाहत होतो.