आपली शिडी

कर्णाकाकूंचं इस्त्रीचं दुकान खालच्या गल्लीच्या तोंडाशी आहे आणि काकूंचं तोंड दुकानापेक्षा मोठं आहे. हे त्यांना वाचून दाखवलं तर त्या हसतील, आणि ते हसू थेट वरच्या गल्लीत ऐकू जाईल. नाव काही उगाच पडलेलं नाही.

काकू जन्मल्या वरच्या गल्लीत, दिल्या खालच्या गल्लीत. मध्ये फक्त एक भिंत आणि एक शिडी. शिडी आता नाही, तीच तर भानगड आहे. वरचे म्हणतात, खालच्यांनी आमची शिडी नेली. खालचे म्हणतात, आम्ही आमचीच शिडी परत आणली. शिडी एकच, भिंतीवरून गेली एकदाच, आणि ती जाताना पाहिलेलं माणूस आज दोन्हीकडे एकही शिल्लक नाही. त्यामुळे सगळ्यांना सगळं अगदी स्वच्छ आठवतं.

नव्या सुनेकडे खालच्या गल्लीनं जरा संशयानंच पाहिलं. "वरची आहे हो," असं सासूबाई शेजारणीला हळूच सांगायच्या. मग काकूंनी असा धडाका लावला की विचारू नका. शिडीची गोष्ट त्या मूळच्या खालच्यांपेक्षा झणझणीत सांगू लागल्या. त्यांच्या तोंडी शिडीच्या पायऱ्या वाढल्या, वरच्या चोरांना मिशा फुटल्या, आणि एके वर्षी गोष्टीत एक कुत्रा शिरला तो कायमचाच राहिला. गल्ली खूश! काकू आता शंभर टक्के खालच्या.

पण उत्साहाच्या भरात हीच आवृत्ती त्यांनी भाच्याच्या लग्नात, साक्षात माहेरच्या माणसांसमोर सांगितली. त्या दिवसापासून थोरला भाऊ बोलायचा बंद झाला. कपडे मात्र बहिणीकडेच. दादा फळीवर गठ्ठा ठेवायचा आणि विजेच्या खांबाला सांगायचा, "कॉलर कडक हवी." काकू इस्त्रीला सांगायच्या, "कळलं म्हणावं."

दादा निवृत्त बस कंडक्टर. सभेत वरच्या गल्लीची बाजू तोच मांडायचा. आता तो मुलाकडे, दूरच्या गावी, कायमचा राहायला निघाला होता. सकाळी सामानाचा टेम्पो येणार, आणि आदल्या संध्याकाळी नेमकी दोन्ही गल्ल्यांची सभा.

"जाण्याआधी एक शब्द बोलला ना माझ्याशी, तरी पुरे," काकू नवऱ्याला म्हणाल्या. "शिवी दिली तरी चालेल."

"मग तूच बोल की आधी."

"मी? आणि गल्ली काय म्हणेल?"

सभेचा विषय होता, कोपऱ्यावरच्या नव्या दिव्याचं तोंड कुठल्या गल्लीकडे असावं. पण शिडी झाल्याशिवाय आमच्याकडे दिवाही लागत नाही. दादा उठला. तिकीट फाडावं तसा एकेक शब्द फाडून देत म्हणाला, "तर मंडळी, तुम्ही आमची बांबूची शिडी..."

"बांबूची?" काकू खुर्चीतून पुटपुटल्या. म्हणजे सगळ्या हॉलनं ऐकलं.

"गप्प बस," नवऱ्यानं कोपर ओढलं. "त्यांचा माणूस चुकतोय, चुकू दे."

"...भर दुपारी नेलीत," दादा म्हणाला आणि घाम पुसू लागला.

आता मात्र काकूंना राहवेना. शत्रूची का असेना, पण गोष्ट अशी मिळमिळीत! त्या ताडकन उठल्या. "दादा, अरे काय सांगतोयस? आपली शिडी सागवानी होती! आणि दुपारी कसली, पहाटे! आजोबा दाढी करत होते, तोंडाला साबण तसाच घेऊन धावले. साबणच गाळलास? मग उरलं काय त्या गोष्टीत?"

सगळा हॉल वळून बघू लागला. काकू चक्क 'आपली' म्हणाल्या होत्या.

खालच्या गल्लीचे सेक्रेटरी, दातांचे डॉक्टर, उभे राहिले. "काकू, आपली म्हणजे नेमकी कोणाची?"

"आपली म्हणजे आपली! मध्ये बोलू नका, पुढचं विसरेन."

आणि काकूंनी वरच्या गल्लीची बाजू अशी रंगवली की वरच्यांनी टाळ्या पिटल्या. मग खालच्यांचे चेहरे पडलेले दिसले म्हणून त्याच दमात त्यांचीही बाजू घेतली, मिशा आणि कुत्र्यासकट.

"कुत्रा नव्हता," दादा म्हणाला.

काकू थबकल्या. या वेळी तो खांबाकडे नव्हे, त्यांच्याकडे बघत होता.

"होता," त्या म्हणाल्या. आवाज कधी नव्हे तो बारीक.

"नव्हता गं, वेडे! आजोबांना कुत्रा चालायचा तरी का?"

"तो खालच्यांचा होता!"

"मग आजोबांना बघून भुंकला कसा नाही?"

"तोंडाला साबण होता ना! ओळखलंच नाही त्यानं!"

दिव्याचा विषय राहूनच गेला. दोघं भांडत भांडत बाहेर पडली. मागून सेक्रेटरी बिचारे विचारत होते, काकू आता कोणाच्या धरायच्या, म्हणजे तसं लिहून घेता येईल.

सकाळी टेम्पो निघाला, तेव्हा काकू दादाच्या शेजारी चढून बसल्या होत्या. इस्त्रीचं दुकान दिवसभर बंद. दोन्ही गल्ल्या चुरगळलेल्या शर्टांत कामावर गेल्या. वरचा कोण, खालचा कोण, काही पत्ता लागेना.

"कुठे गेल्या हो काकू?" डॉक्टरांनी हातातला गठ्ठा सावरत विचारलं.

"चौकात उतरते म्हणाली होती," काकूंचे यजमान म्हणाले. "टेम्पो थांबलाही होता चौकात. भांडण थांबेना, म्हणून पुढे गेला."