भुसासाहेबांचा पहारेकरी

संग्रहालयातले लोक त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की भुसासाहेब. मेलेले पशुपक्षी सोलायचे, आत कापूस नि लाकडाचा भुसा भरायचा, काचेचे डोळे बसवायचे आणि जिवंत असल्यासारखे उभे करायचे, हे त्यांचं काम. हात सोन्यासारखा होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. डोक्यात काय भरलंय याबद्दल शिपायांचं मत मात्र टोपणनावातच आलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरचं काचेचं मोठं कपाट ही त्यांची जहागीर. त्यात उंच डोंगरावरच्या, बारा महिने धुक्यात भिजणाऱ्या रानातलं पक्ष्यांचं एक जोडपं होतं. नराचा थाट काय विचारता! पाठ सोनेरी झाक मारणारी हिरवी, छाती लालभडक, आणि शेपटीवरची पिसं अंगाच्या दुप्पट लांब, रिबिनीसारखी खाली सोडलेली. मादी बिचारी मळकट. तिला भुसासाहेबांनी कुजक्या खोडाच्या ढोलीत अंड्यांवर बसवलं होतं, नुसतं डोकं बाहेर. नर वरच्या फांदीवर, मान ताठ.

छातीचा लाल रंग दिव्याखाली फिका पडतो, म्हणून ते दरवर्षी ब्रश घेऊन त्याला रंगवत. हिरवा फिका पडत नाही, कारण तो मुळात रंगच नाही. पिसाच्या घडणीवर उजेड खेळतो, त्याची ती करामत. पक्ष्याची चोच कमजोर असते म्हणून तो कुजकंच लाकूड कोरतो, रानफळं अख्खी गिळतो आणि बिया मागाहून ओकून टाकतो, हेसुद्धा ते लोकांना बिनचूक सांगत. आणि शेवटी छडीचं टोक नराकडे करून म्हणत, "बघा, बाई घरात, बाप्या पहाऱ्यावर. निसर्गाला हे कुणी शिकवलं?"

कुणी म्हणजे भुसासाहेबांनीच! फांदीवर त्याला तारेने बांधणारे तेच की.

याच पहारेकऱ्याच्या जिवावर त्यांनी बायकोला दवाखान्यातली परिचारिकेची नोकरी सोडायला लावली होती. मुलगी झाली, ती कधी रडली, कधी रांगली, कधी तापाने फणफणली, साहेबांना पत्ता नाही. ते पहाऱ्यावर होते. कशाचा पहारा, ते विचारायची सोय नव्हती.

आता तीच मुलगी बाळंतपणाची रजा संपवून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत परत निघाली होती. सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. जावई चित्रकलेचा शिक्षक, स्वभावाने मऊ. तोच म्हणाला, "मी बिनपगारी रजा घेतो, बाळाला बघतो." झालं! सासरेबुवांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लंगोट वाळत घालणार? जावईबापू, चार लोकांत मी तोंड कसं दाखवू?" रोज संध्याकाळी जाऊन ते हेच ऐकवत. जावई चुळबुळायला लागला. रजेचा अर्ज खिशातच राहिला. मुलगी दोघांवरही धुसफुसत होती.

नेमकी तेव्हाच कपाटातल्या जुन्या नराला कसर लागली, पिसं झडू लागली. नवा नर बर्फाच्या पेटीतून आला. तो घेऊन आलेला वनरक्षक म्हणाला, "वाऱ्याने खोड कोसळलं, साहेब. हा आत अंड्यांवर होता."

"मादी असेल."

"मग ही हातभर शेपटी कुणाची?"

"पावसामुळे आडोशाला शिरला असेल," साहेब म्हणाले आणि दार लावून घेतलं.

या पक्ष्याची कातडी ओल्या कागदासारखी. जरा ओढली की फाटते आणि पिसं मुठीत येतात. भुसासाहेबांनी ती श्वास रोखून, अखंड काढली. शेपटी मात्र वळलेली होती आणि तिच्या कडा झिजलेल्या. माल खराब आलाय, असं पुटपुटत त्यांनी ती वाफेवर धरून तारेसारखी सरळ केली, झिजलेल्या कडा कात्रीने साफ केल्या. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या धंद्यात याला सफाई म्हणतात.

रविवारी त्यांनी सगळ्या घराला संग्रहालयात बोलावलं. जावयाचा निकाल कपाटासमोरच लावायचा होता. जावई आला, तो नातीला खांद्यावर घेऊन. भुसासाहेबांनी नाक मुरडलं, छडी उचलली. "बाई घरात..."

"अरेच्चा, शेपटी सरळ केलीत!" मागून आवाज आला. आपला पक्षी बघायला वनरक्षक आला होता. "आत बसतो तेव्हा दुमडून पाठीवरून बाहेर काढतो हो. ढोलीच्या काठाला घासून झिजते. अंड्यांवर दोघंही आळीपाळीने बसतात. बाहेर लोंबणारी पिसं बघूनच आम्ही ओळखतो, आत बाप आहे."

मुलगी फस्सकन हसली. जावयाने पहिल्यांदाच मान वर केली. साहेब म्हणाले, "एखादा निघतो तसा. हा नमुनाच बिघडलेला होता."

"पहिलाही?" बायकोने विचारलं.

ती काचेजवळ गेली होती. "अहो, पहिल्याची शेपटी अशीच वळलेली होती. तुम्ही ती घरी आणलीत, माझ्या किटलीच्या वाफेवर सरळ करायला. मला सातवा महिना होता. नीट धर, हलवू नकोस म्हणालात. मी धरली. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मला इथेच उभं करून तो पहारेकरी दाखवलात, आणि मी दवाखाना सोडला."

साहेबांनी छडी या हातातून त्या हातात घेतली. कात्रीने कापलेल्या कडा काचेतून स्वच्छ दिसत होत्या.

"अर्ज उद्याच द्या," ती जावयाला म्हणाली. "तू कामावर जा गं. जावईबापूंना कधी बाहेर पडायचं असलं तर बाळाजवळ हे बसतील."

"मी?" भुसासाहेब म्हणाले. "मग तू काय करणार?"

"मी पुष्कळ बसले," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली.