पाठीमागे लपलेले हात

लालबागच्या आमच्या बालवाडीत नाव घालायला आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "लिहायला कधी शिकवणार?" मूल अजून चपला उलटसुलट घालतंय, नाक पुसायला आईची ओढणी ओढतंय, आणि यांना वळणदार अक्षर हवं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी सांगते, आमच्याकडे मुलं मटार सोलतात, कणीक मळतात, कागद फाडतात, या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओततात. बोटांत बळ आलं की पेन्सिलही धरतील. काहीजण माना डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात पोराला दुसरीकडे घालतात. मला त्यांचा राग येतो आणि तो माझ्या तोंडावर दिसतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी एक साडेतीन वर्षांची मुलगी आमच्याकडे होती. जूनमध्ये आली तेव्हा कणीक मळायला बसली की तिची टकळी सुरू. गोळ्याचा हत्ती व्हायचा, हत्ती बेस्टच्या बसमध्ये चढायचा, कंडक्टर त्याला दोन तिकिटं काढायला लावायचा. मला तिच्या गोष्टी ऐकायची सवयच लागली होती. मग भर पावसाळ्यात ती अचानक गप्प झाली. कुणाच्या हातात खडू दिसला तरी तिचे दोन्ही हात पाठीमागे जायचे.

शाळा सुटताना मी तिच्या आईला थांबवलं. ती माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून मी तिला अगं-तुगंच करायची. जुन्या गिरणीच्या जागेवर झालेल्या मॉलमध्ये, एका कपड्यांच्या दुकानात ती कामाला होती.

"शेजारच्या बिल्डिंगमध्ये क्लास लावलाय, टीचर," ती म्हणाली. "इथून सुटली की डायरेक्ट तिकडे. ठिपके जोडून एबीसीडी काढून घेतात. रात्री मी पण बसवते, हात धरून."

"अगं, तिला पेन्सिल पेलत नाही अजून. बोटं दुखतात तिची."

"दुखू देत. माझी आई पण म्हणायची, शिकेल सावकाश. शिकले मी सावकाश. आता मॅनेजर इंग्लिशमध्ये सुरू झाला ना, की मी स्टॉकरूममध्ये जाऊन उभी राहते. हिचं तसं नाय होऊ देणार." मग आवाज खाली आणून म्हणाली, "राग मानू नका, पण इथे नुसतं खेळतात. महिना संपला की काढते तिला."

एरवी मी चार शब्द सुनावले असते. पण स्टॉकरूममध्ये उभी राहिलेली ती मला दिसायला लागली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. पोरगी जाणार, याचं मात्र फार वाईट वाटलं.

गणपती जवळ आले की गल्लीतल्या मूर्तीच्या कारखान्यातून आमच्याकडे शाडूचा गोळा येतो, ओल्या फडक्यात गुंडाळून. त्या वर्षीही आला. मुलं जमिनीवर बसून उंदीर करत होती. ही कितीतरी दिवसांनी दोन्ही हातांनी मळत होती. तेवढ्यात तिची आई आली. क्लासला उशीर नको म्हणून जरा लवकरच आली होती. मी तिला म्हटलं, "उंदीर होईपर्यंत बस." ती लेकीशेजारी टेकली.

उंदराची शेपूट पोटाला लागत होती. आईला राहवेना. "असं नाय गं, मागे लाव," म्हणत तिनं लेकीचं बोट धरलं. त्याबरोबर पोरीचे हात पाठीमागे गेले. मान खाली.

आई तशीच बसून राहिली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "टीचर, ही माझ्यापासून लपवते?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "हो," मी म्हटलं.

मग तिनं स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेले. "हे बघ, माझे पण गेले," ती लेकीला म्हणाली. "आता तूच कर. कुठे पण लाव शेपूट."

मुलीनं वाकून आईच्या पाठीमागे डोकावून खात्री करून घेतली. मग तिचा एक हात पुढे आला, मागून दुसरा. शेपूट लागली, पोटालाच लागली. आणि टकळी सुरू झाली. उंदीर मॉलमध्ये पँट घ्यायला गेला, पण शेपूट आत जाईना, मग आईनं त्याला मोठी पँट शोधून दिली.

क्लासची वेळ टळून गेली. आई ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. ते पुसायलासुद्धा तिनं हात पुढे आणले नाहीत. शेवटी मीच माझ्या पदरानं तिचे डोळे पुसले.