मिठाच्या बर्फातलं इंजेक्शन

"सिस्टर, वीज नाय तरी काळजी करू नकात. इंजेक्शनां बर्फात पुरून ठेवलंय."

वादळ आदल्या दिवशी किनारा झोडपून गेलं होतं. कणकवलीतल्या आमच्या केमो डे-केअरचा फोन नुकताच सुरू झाला होता. पलीकडे मालवणजवळचा बाबल. मासेमारी करणारा माणूस. त्याची बायको रजनी आमची पेशंट, स्तनाचा कॅन्सर, केमो अर्ध्यावर आलेली.

केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. मग साधा तापही जिवावर बेततो. म्हणून पेशी वाढवायला केमोनंतर काही दिवस रोज एक इंजेक्शन द्यावं लागतं. गावातली नर्स ते घरी येऊन टोचायची. ठेवायचं फ्रीजमध्ये, पण फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलं की त्याचा भरवसा संपला.

"बर्फात म्हणजे कसं?" मी विचारलं.

"पेटयेत. बर्फाचो चुरो, वर मीठ. बांगडे ऱ्हवतत तसा."

मी कपाळावर हात मारला. मीठ घातलं की बर्फ आणखी थंड होतो, हे कोळ्याच्या पोरालाही ठाऊक. बांगड्याला ते बरं, इंजेक्शनला नाही.

"एक काढून बघा."

फोनवर पेटीचं झाकण उघडल्याचा आणि बर्फ उकरल्याचा आवाज आला.

"दगड झाला हा. वितळला की चलात मा?"

"नाही चालणार."

आमचा फ्रीज जनरेटरवर चालू होता. मी डॉक्टरांकडे गेले.

"रजनीची सगळी इंजेक्शनं गोठली, सर. आजचा डोस राहिलाय."

"आपल्याकडची द्या."

"फार्मसीवाला कुरकुर करेल."

"करू दे. रस्त्याचं काय?"

रस्त्यावर झाडं आडवी होती. बाबल म्हणाला, मी येतंय. कुठे मोटारसायकलवर, कुठे चालत, दुपार उतरताना तो पोचला. हातात तीच मासळीची पेटी. मी ती बाजूला ठेवायला लावली. थर्माकोलच्या डब्यात जेलपॅक, त्यावर जाड कापड आणि मग इंजेक्शनं. तो टक लावून बघत होता.

"येवढाच?"

"एवढंच. होडी वगैरे ठीक ना?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"लाटांनी न्हेली. सगळे आपापली होडी वर ओढी होते, तेवा मी बर्फ हाडूक गेललंय."

माझ्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. इंजेक्शनांसाठी बर्फ आणायला गेला, म्हणून त्याची होडी गेली होती. डबा बंद करून दिला आणि चहा घ्या म्हटलं. त्यानं घेतला नाही, रजनी वाट बघत असेल म्हणाला.

गावातल्या नर्सनं त्याच रात्री डोस टोचला. रजनीला ताप आला नाही. पुढची केमो ठरल्या दिवशी झाली. बाबल आता दुसऱ्याच्या होडीवर जातो.

हल्ली वादळाचा इशारा आला की किनाऱ्यावरच्या पेशंटना मी आधीच फोन करते. सांगते, वीज गेली तर औषध बर्फात घालू नका, खराब झालं तर आम्ही दुसरं देऊ. तुम्ही आधी होडी वर ओढा.