तौनोंनी घालवलेला बर्फ

माझे सासरे तौनो जन्मभर रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी चालवत आले, पण गाव त्यांना ओळखतं ते घड्याळामुळे. दर हिवाळ्यात ते हौकियार्वी तळ्याच्या मधोमध लाल पिंप नेऊन ठेवतात आणि त्याची दोरी किनाऱ्यावरच्या घड्याळाच्या प्लगला बांधतात. वसंतात बर्फ फुटून पिंप सरकलं की प्लग निघतो. घड्याळ थांबलं की बर्फ गेला, हा नियम. अख्खं गाव तारखेचा अंदाज करतं. ज्याचा बरोबर, त्याला तळ्यात पहिली नाव घालायचा मान. सत्तावीस वर्षांत तौनोंच्या घड्याळाबद्दल कुणी ब्र काढलेला नाही. त्यांना सांभाळण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते त्यांनी जिवापाड सांभाळलं.

यंदा तीस मार्चला झकास ऊन पडलं म्हणून आम्ही घरची सगळी तळ्यावर गेलो. बर्फ चांगला हातभर जाड होता. माझा नवरा योउको भोक पाडून गळ टाकून बसला. मी सॉसेज भाजत होते. माझी सासू इर्या खुर्ची टाकून कॉफी पीत होती. मोहरीचा सॉस गाडीत राहिला होता. तो आणायला सासरे तरातरा निघाले, स्वतःच बांधलेल्या दोरीत त्यांचा पाय अडकला आणि ते सपशेल आडवे झाले. प्लग निघाला. घड्याळ बारा चौदाला थांबलं.

"बाबा, लागलं का?" मी ओरडले.

"बर्फ गेला," ते पालथे पडूनच म्हणाले.

"अहो, आम्ही त्याच्यावरच बसलोय!" योउको म्हणाला.

"नियमाप्रमाणे तुम्ही पाण्यात आहात."

"मग सॉसेज भाजतायत कशी?"

"तो माझा प्रश्न नाही."

"प्लग खोचा परत. कोण बघतंय?"

"मी बघतोय," सासरे म्हणाले.

त्यांनी खिशातली अंदाजांची वही उघडली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आमच्याकडे बर्फ मे महिन्यात जातो, त्यामुळे सगळ्यांच्या तारखा मेमधल्या. तीस मार्च एकटीनंच लिहिला होता, इर्यानं. ती दरवर्षी हीच तारीख लिहिते आणि गाव दरवर्षी हसतं. आता गाव हसणार नव्हतं. बायकोला जिंकवायला म्हातारा मुद्दाम पडला, असं म्हणणार होतं. प्लग खोचावा तर नियम मोडतो, न खोचावा तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. मला त्यांची फार दया आली.

मग उठून त्यांनी किनाऱ्यावरच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'बर्फ गेला. ३० मार्च, १२:१४. घालवणारा तौनो. विजेती इर्या. यापुढे घड्याळ दुसऱ्या कुणी सांभाळावं.'

"झालं तुमच्या मनासारखं?" योउको त्यांच्यावर चिडला.

"अजून नाही. विजेतीची नाव राहिली."

म्हणजे तेही करायचंच होतं. आम्ही ताडपत्रीखालून नाव ओढून काढली. इर्या हातात वल्ही घेऊन ऐटीत बसली आणि सासरे दोरी खांद्यावर टाकून तिला बर्फावरून ओढू लागले. मागून मी आणि योउको ढकलत होतो. पलीकडे गळ टाकून बसलेल्या दोन शेजाऱ्यांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा आपापल्या भोकात डोकं घातलं.

मधोमध येऊन सासरे धापा टाकत थांबले. "इर्या, खरं सांग. सत्तावीस वर्षं ही खुळ्यासारखी तारीख का लिहितेस?"

"एप्रिल लागला की तू उजाडल्यापासून अंधारेपर्यंत त्या घड्याळापाशी बसतोस," ती म्हणाली. "मला वाटायचं, एखाद्या वर्षी त्याआधीच जावा मेला बर्फ. एक तरी वसंत तू घरी असशील."

सासऱ्यांनी दोरी पुन्हा खांद्यावर घेतली. ते म्हणाले, "वल्ही आत घे," आणि त्यांनी नाव घराकडे वळवली.